कंपायलरची चूक

त्या दिवशी सकाळी कंपायलरने माझा प्रोग्रॅम नाकारला आणि मी ठरवून टाकलं, की चूक कंपायलरचीच आहे.

घरून काम करायची मुभा असली की मी मुळशीला आईवडिलांकडेच असते. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा अशी, की कुठली गोष्ट कोणत्या प्रकारची, संख्या की नाव, हे आपण लिहायचं नसतं. कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तो वाचून स्वतः ओळखतो. यादी उलटी करणारं फंक्शन लिहिलं, तर ते संख्यांच्या यादीला चालेल आणि नावांच्याही, हे त्याला न सांगता कळतं. मी एक रिकामी यादी ठेवली होती, पुढे भर घालता येईल अशी. आधी तिच्यात एक संख्या टाकली, मग एक नाव. नावापाशी कंपायलर अडला. म्हणे, ही यादी आता फक्त संख्यांची. रिकामी यादी तर कशाचीही असू शकते, मग माझीच का नाही? त्या भाषेच्या जाहीर चर्चापानावर मी लांबलचक तक्रार लिहिली. 'इतकी उघड चूक आजवर कुणाला दिसली कशी नाही?' असंही वर सुनावलं.

दुपारी जेवताना त्याच तोऱ्यात आप्पांना सांगितलं. माझे वडील भातशेती करतात आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या खोल्या धरण बघायला येणाऱ्यांना देतात. त्यांना बाकी काही कळलं नाही, पण पोरीने काहीतरी मोठं केलं, एवढं कळलं.

संध्याकाळी उत्तर आलं. भाषा घडवणाऱ्यांपैकी एका बाईंनी लिहिलं होतं, अगदी सौम्यपणे. ही चूक नाही, मुद्दाम घातलेली मर्यादा आहे. बदलत राहणारी यादी 'कशाचीही' राहू दिली, तर एकीकडून कुणी तिच्यात नाव टाकेल, दुसरीकडून कुणी ते संख्या समजून उचलेल आणि बेरीज करायला जाईल. प्रोग्रॅम चालता चालता कोसळेल. खाली माझ्याच कोडमध्ये तसं घडवून दाखवलं होतं. शिवाय माहितीपुस्तिकेतलं प्रकरण जोडलं होतं. ते मी कधी उघडलंच नव्हतं. माझे कान तापले. लॅपटॉप मिटला आणि त्या उत्तराचं घरात कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी महाळुंग्याहून एक पाहुणा राहायला आला. ओसरीवर त्याचं पान मांडलं होतं. आप्पा भात वाढता वाढता म्हणाले, "आमच्या पोरीनं कंपुटरचीच चूक पकडली बगा. फॉरेनच्या लोकान्ला कळवली बी. साऱ्या गावाला ठावं हाय."

साऱ्या गावाला! मला आमटीचं भांडं कुठे ठेवावं सुचेना.

पाहुणा आयटीतलाच निघाला. "अरे वा! कुठला बग?" त्याने मनापासून विचारलं.

"बग नव्हता," मी म्हणाले. "मलाच नियम माहीत नव्हता."

"होतं असं," म्हणत त्याने ताटात मान घातली.

आप्पांनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "म्हंजी चूक तुजी व्हती?"

"हो."

"मग त्यान्ला कळवलंस?"

"नाही अजून."

"तक्रार लिवायला बरा येळ मिळाला तुला."

पाहुण्यासमोरच. मी आत गेले आणि लिहिलं, की माझी समजूत चुकीची होती आणि बोलणं उद्धट होतं, दोन्हीबद्दल क्षमा असावी. बाईंचं लगेच उत्तर आलं, हा घोटाळा पुष्कळांचा होतो, मनाला लावून घेऊ नका. मला त्यानेच जास्त लाजल्यासारखं झालं.

सोमवारी ऑफिसला जायचं होतं. आप्पा बसथांब्यावर सोडायला आले. तिथे शेजारच्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "हीच न्हवं, कंपुटरची चूक काडणारी?"

"न्हाई न्हाई," आप्पा मोठ्याने म्हणाले, "चूक हिचीच व्हती. मी उगा गावभर बोंबललो. तुमच्या घरी बी सांगा तेवडं."

थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. "आप्पा, बास ना," मी हळूच म्हणाले.

"बास कसं? खोटं मी पसरवलं, आता निस्तरायला नगं?"

त्यांचा चेहराही उतरलेला होता, ते मला तेव्हा दिसलं. पिरंगुटकडे जाणारी बस लवकर येईना. ती येईपर्यंत ते रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना थांबवून तेच सांगत राहिले आणि मी त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभी होते.