पलंगासमोरची मिरेया

आमच्या चोलुला गावातले एवारिस्तोकाका धंद्याने न्हावी, पण जीव सगळा जुन्या सिनेमात. गिऱ्हाइकाने हल्लीच्या एखाद्या गायकाचं कौतुक केलं, की त्याची दाढी अर्धी ठेवून ते भांडायला उभे राहत. "गायची ती मिरेया आल्कासार! अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. ही हल्लीची पोरं म्हणजे घसा बसलेले बोकड!"

ही मिरेया पडद्यावर दिसून चाळीस वर्षं झाली होती. म्हणजे ती गेलीच, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. मृतांच्या दिवशी घरोघरी आपापल्या गेलेल्यांचे फोटो मांडतात. काकांकडे झेंडूच्या फुलांत आईवडिलांच्या मधोमध मिरेया असायची. तिच्यापुढे ठेवायला कोंबडीचं मोले, म्हणजे दाट मसालेदार रस्सा, ओतिलियाकाकू करत, तेही मसाला पाट्यावर वाटून आणि एका शब्दाने कुरकुर न करता.

यंदा मी मोले खायला गेलो होतो. काकांनी मेणबत्त्या लावल्या आणि तेवढ्यात टीव्हीवर साक्षात मिरेया आली. पंचाण्णवाव्या वाढदिवसाचा केक कापत होती, वर गातही होती.

काकांचे डोळे भरून आले. "ओतिलिया, जिवंत आहे गं ती! काढ तो फोटो तिथून. आपल्या पलंगासमोर लावू."

काकूंनी फोटो काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"तू घेऊन जा हिला. मेलेली होती म्हणून अकरा वर्षं जेवू घातलं. जिवंत सवत मी घरात ठेवायची नाही."