पेजेचं बोट

अगो, जवळ बस. आलीस तेव्हापासून जायचीच घाई. आमच्या नातीला गिळता येत नव्हतं, तेव्हा इस्पितळात नाकातून नळी घालायला एक नर्स यायची. नाव काही मी विचारलं नाही. नाकापासून कानापर्यंत, तिथून पोटापर्यंत नळी मापून बघायची, हळू सरकवायची, गालावर पट्टी चिकटवायची. हसणं नाही, बोलणं नाही. पोर पुन्हा तोंडाने जेवेल ना, या काळजीने सून वाळत चाललेली. नळीतून पातळ पेज सोडण्याआधी नर्स तिच्यात बोट बुडवून नातीच्या ओठांना लावायची. एकदाच काय ती मला म्हणाली,

"पोट भरतला गो मावशी, पण जिभेक चव विसराक देऊ नको."

मग सूनही तसंच करू लागली. एकदा नातीने तिचं बोट चोखलं. नर्सने बघितलं, मान डोलावली, पुढच्या खाटेकडे गेली.

आता नात पेजेबरोबर खारातली कैरी मागते. लवकर ये परत, तिच्याबरोबर जेवायला बस.