शुक्रवारचं रेकॉर्डिंग

गिटारचं कव्हर उघडलं की अजून लूमच्या तेलाचा वास येतो, आणि मी भिवंडीतल्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन बसते.

आई शेजारच्या पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि भरताना गायची. त्याच चालींवर मी गिटार शिकले; रॉक मागाहून आलं. पहिल्या अल्बममध्ये तिचाच आवाज हवा होता. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून तो दिवस धरला. माइक लावला, पण आई दोन ओळींपुढे जाईना.

"अगं, खडखड न्हाय, तर मी म्हणू कशावर?"

मग मी गिटारच्या लाकडावर बोटांनी लूमचा ठेका धरला. ती खळखळून हसली. "हां, आता चालू झाली शिफ्ट," म्हणाली आणि गायला लागली.

नंतर एडिट करताना तिचं बोलणं, हसणं मी कापून टाकलं. मला गाणं स्वच्छ हवं होतं.

आता आई नाही. अल्बमवर कुणाचा प्रभाव आहे, असं कुणी विचारलं की मी ते गाणं लावते. सुरुवातीला क्षणभर शांतता आहे. दर वेळी तिथं मी तिच्या हसण्याची वाट बघते.