दुष्काळातला निळा पाट

आमच्या गावात ऐन दुष्काळात पाट आणला तो मी. (पाणी नव्हतं, एवढीच अडचण.)

मी नांदूरघाटजवळच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. शाळेचा संगणक कधीच वारलेला, म्हणून पोरांना घेऊन दूध सोसायटीत जायचो. चेअरमन माझे सासरेच! तिथं चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर मी फ्रॅक्टल शिकवत होतो: एक खोड, दोन फांद्या, मग तेच चित्र लहान करून प्रत्येक फांदीच्या टोकाला, पुन्हा लहान, पुन्हा टोकाला. दहावीतल्या सलमा नावाच्या पोरीनं असं काही झाड काढलं की मी लगेच छापलं. प्रिंटरात निळीच शाई उरलेली, त्यामुळे झाडही निळं! कौतुकाच्या भरात ते सोसायटीच्याच फळ्यावर डकवलं, नेमकं ‘सभा. विषय : पाणी’ या नोटिशीखाली.

सकाळी सोसायटीसमोर ही गर्दी!

“हा मोठा पाट. ह्या चाऱ्या. अन् ही पोटचारी थेट आमच्या वस्तीवर!” एकजण खोडाफांद्यांवर बोट फिरवत सांगत होता.

“मंग माझ्या रानाला का न्हाई रं?” दगडूआण्णा गरजले.

दुपारी सभा भरेपर्यंत दोन भावक्यांचं बोलणं बंद झालं होतं आणि एकानं तर उसाचं बेणंही सांगून ठेवलं होतं!

सासऱ्यांनी भर सभेत मला उभं केलं. “जावईबापू, धरणात टिपूस न्हाई अन् तुमी पाट काढले?”

“मामा, ते झाड हाय.” (घाबरलो की माझीही शुद्ध भाषा पळून जाते.)

“निळं झाड? उद्यापासून पोरांना कम्प्युटर बंद!”

मागं उभ्या पोरांचे चेहरे उतरले. तेवढ्यात सलमा उठली.

“काका, काढून दाखवू?”

ती थेट संगणकासमोर बसली. खोड. दोन फांद्या. कॉपी, लहान, तिरपं, पेस्ट. बघता बघता पडदाभर झाड डवरलं. सगळी सभा पडद्याभोवती गोळा!

“पोरी,” दगडूआण्णा हळूच म्हणाले, “एक फांदी आमच्या रानाकडं वळीव की!”

तिनं वळवली. अख्खी सभा खो खो हसली आणि मग टाळ्याच टाळ्या! सासऱ्यांनी तिथल्या तिथं ठराव मांडला: संगणक रोज संध्याकाळी पोरांचा. एकमतानं मंजूर! (सोसायटीत एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.)

दुसऱ्या संध्याकाळी पहिल्या खुर्चीत खुद्द सासरे. मी छाती फुगवून पुढं झालो. “मामा, आधी खोड काढायचं...”

“तुमी तिकडं बसा, जावईबापू,” ते म्हणाले. “आमाला जाणत्या माणसाकडून शिकायचंय. सलमा, ये गं!”