पहिल्या दिवसाच्या बाई

बाईंच्या स्कूटीवर, पायाशी, एक लाल प्लास्टिकचं स्टूल कायम असायचं. केंद्रातल्या कुणा पोराला नोकरी लागली की पहिल्या दिवशी बाई त्याला स्वतः सोडायला जात, आणि सोडून परत येत नसत. दुकानाबाहेर, आतला माणूस दिसेल अशा जागी स्टूल टाकून त्या संध्याकाळपर्यंत बसून राहत. हातात ना पुस्तक, ना विणकाम. नुसतं बसायचं. चंद्रपूरच्या एका मोबाइलवाल्याला वाटलं, ही बाई वसुलीलाच आली आहे. त्यानं आधी चहा पाठवला, मग पाणी पाठवलं आणि शेवटी हात जोडून बाहेर आला.

"बाई, काय चुकलं आमचं?"

"तुमचं काई नाई चुकलं, भाऊ. तुमी काम करा. मी बसतो इथी."

मी त्या केंद्रात शिवण शिकवायची. माझा स्वभाव तिरसट आहे आणि वयानं तो सुधारलेला नाही, त्यामुळे बाईंचं हे बसणं मला खटकायचं. इकडे केंद्रात फोन वाजत असायचा, भेटायला आलेली माणसं ताटकळत असायची आणि केंद्राच्या प्रमुख कुठल्याशा वेल्डिंगच्या दुकानासमोर ऊन खात बसलेल्या. "बाई मीटिंगमध्ये आहेत," असं मी इतक्यांदा खोटं सांगितलं की पोरं स्टुलालाच मीटिंग म्हणायला लागली. "बाई उद्या मीटिंग घेऊन जाऊन राह्यल्या," असं म्हणत ती खिदळायची.

केंद्र पोंभुर्ण्याला होतं. भाड्याचं कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर; बाई राहतही तिथेच. तिथे येणारी पोरं नदीपलीकडची, छत्तीसगडातली. गावं जळाली म्हणून त्यांची आईबापं रातोरात जंगल तुडवत अलीकडे आली, जंगलाच्या कडेला झोपड्या बांधल्या, तिथूनही उठवली गेली. घरात गोंडी बोलणारी, शाळा अर्ध्यावर सुटलेली पोरं. त्यांना दहावीला बसवायचं, हाताला एखादं काम शिकवायचं आणि कुठेतरी चिकटवून द्यायचं, हा बाईंचा उद्योग. गाव कोणी जाळलं, हे पोरांनी कधी सांगितलं नाही आणि बाईंनी कुणाला विचारू दिलं नाही. एकदा एक साहेब केंद्र बघायला आले. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "पण ही मुलं तर आपल्याच देशातली. यांना निर्वासित कसं म्हणता?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "घर जळून राह्यलं तवा माणूस पळते. सरहद लागली का नाई लागली, हे पाहत पळते काय?"

साहेब चहा अर्धा ठेवून उठले. नंतर बाईंनी मला विचारलं, "मी जास्त बोलली काय?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मंग बरं झालं."

बाईंचा दुसरा खुळा प्रकार सकाळी चालायचा. इतर ठिकाणी प्रार्थना होते तशी आमच्याकडे 'नाही'ची तालीम व्हायची. ही पोरं आली की प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. समजलं का? हो. जेवलास का? हो. भूक लागली का? हो. कुणी दरडावून विचारलं आणि नाही म्हटलं, तर त्याचं काय होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून बाई रोज एकेकासमोर उभ्या राहायच्या. "माझी स्कूटी धुऊन देतो काय? हो? बरं. माझ्या घरचं पानी भरतो काय? बरं. माझ्या म्हशीसंग लगन करतो काय?" बाईंकडे म्हैस नव्हती, पण तिचं लग्न त्यांनी निम्म्या केंद्राशी लावायचा प्रयत्न केला. शेवटी पोरगं हसून मान हलवायचं. "तोंडानं सांग!" बाई ओरडायच्या. "मराठीत जमत नाई तं तुमच्या बोलीत सांग!" मग ते कसंबसं म्हणायचं, "हिल्ले." म्हणजे नाही. सगळे टाळ्या वाजवायचे. बाई मला सांगत, "आधी या पोराईले 'नाई' म्हनाले येऊ द्या, मास्तरीन बाई. तवर यायचा 'हो' मले खराच वाटत नाई."

एकच मुलगी होती जी कधी नाही म्हणाली नाही. पोज्जे तिचं नाव. म्हैस असो, पाणी असो, बाईंनी भरल्या विहिरीत उडी मारायला सांगितलं असतं तरी ती मान खाली घालून म्हणाली असती, हो. बाकीच्यांना गंमत वाटायची. बाईंना वाटत नसे. तिच्यासमोर आल्या की त्या दोनचार प्रश्न विचारायच्या आणि पुढे सरकायच्या. त्यामागे जोगा होता.

जोगा पोज्जेचा मोठा भाऊ. केंद्राच्या अगदी सुरुवातीच्या पोरांतला, तेव्हा स्टूलही नव्हतं आणि तालीमही नव्हती. बारीक, उंच, फार कमी बोलणारा. यंत्रांचं मात्र त्याला वेड. बाईंची स्कूटी खोकायला लागली की तो तिच्याजवळ बसायचा, डोळे मिटून कान लावायचा आणि नेमका तोच स्क्रू फिरवायचा. बाईंचा तो लाडका होता, हे मी सांगते, बाईंनी कधी कबूल केलं नाही. बल्लारपूरच्या बाहेर एका गॅरेजात त्याची सोय झाली तेव्हा बाईंनी अंगणात लाडू वाटले. गॅरेजवाला भला माणूस. बाईंनी त्याला सगळं बजावलं. पोरगा मागून घेणार नाही, तुम्हीच जेवायला बसवा. आवाज चढवून बोलू नका. लघवीला कुठे जायचं ते दाखवून ठेवा. मग जोगाला विचारलं, "एकटा राहशीन ना रे?"

"हो," जोगा म्हणाला.

बाई समाधानानं परत आल्या.

एकच गोष्ट बाईंकडून सांगायची राहिली. त्या गॅरेजापासून जवळ कोळशाची उघडी खाण होती. तिथे दुपारी भोंगा होतो, आणि भोंग्यानंतर सुरुंग उडवतात. मी लग्न होऊन बल्लारपूरला आले तेव्हा पहिल्या स्फोटाला माझ्या हातातला तांब्या पडला होता. सासूबाई एका हातानं फळीवरची भांडी धरून शेजारणीशी बोलतच राहिल्या. पुढे मीही तशीच झाले. भिंतीला तडे जातात, कौलं सरकतात, पण आवाज असा ऐकूच येत नाही. बाई तर याच मुलखात जन्मल्या, वाढल्या. कुणाला बजावून सांगावी अशी ती गोष्ट आहे, हे त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं. आणि पोंभुर्ण्याला खाण नाही. त्यामुळे केंद्रात असताना जोगानं तो आवाज कधी ऐकला नव्हता.

गॅरेजवाल्यानं नंतर रडत रडत सांगितलं. भोंगा झाला, कुणी मान वर केली नाही. जोगा तेवढा पान्हा हातात घेऊन उभा राहिला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. "बस ना बे, काई नाई," असं कुणीतरी म्हणेपर्यंत जमीन हादरली, वरचे पत्रे खडखडले. जोगा दिसेनासा झाला. पान्हा रस्त्यात पडलेला सापडला. रूळ ओलांडून जंगलाकडे पळताना त्याला काही लोकांनी पाहिलं. त्यानंतर त्याला कुणीच पाहिलं नाही.

पोज्जेला बाईंनी स्वतः सांगितलं. मी मशीनपाशी होते. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि काय झालं, कुणाची चूक झाली, काहीही न लपवता बोलल्या. "मी त्याले सांगाले पायजे होतं. माझ्या ध्यानातच नाई आलं. मी त्याले शोधून आनतो." पोज्जेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो." तेवढंच. शिव्या दिल्या असत्या, ऊर बडवून घेतला असता, तर बाईंना सोसलं असतं. तो हो मात्र त्यांच्या जिव्हारी लागला.

स्टूल आलं ते त्यानंतर, आणि 'नाही'ची तालीमही. नोकरी ठरवायला गेल्या की बाई मालकाला पगाराच्या आधी भलतंच विचारायच्या. इथी दुपारी कायचा आवाज होते काय? वराती जाते काय समोरून, फटाके फोडते काय? वर्दीवाले येते काय गाडी दुरुस्तीले? मालक चक्रावून जायचे. ही बाई नोकरी मागते आहे की मुलगी देते आहे, असं एकानं मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, दोन्ही समजा.

आणि शोध. पोलिसांत सांगून झालं, त्यांनीही शोधून पाहिलं. बाईंचं शोधणं मात्र संपलं नाही. मिरची तोडायला इकडची माणसं तेलंगणात जातात, तेव्हा त्या सिरोंच्याच्या बाजूला जीप लागतात तिथे जाऊन उभ्या राहायच्या. उंच पोरगा, कमी बोलणारा, इंजिनाले कान लावते, दिसला काय? कुणी म्हणायचं, अमक्या शेतात असा एक आहे. बाई निघाल्याच. तो दुसराच कुणीतरी निघायचा. नुसतं विचारून रिकाम्या हातानं परतायची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्या शेतवाल्याकडून मिरच्यांचं पोतं घेऊन यायच्या. आम्ही वर्षभर डोळ्यांतून पाणी काढत जेवायचो. मी कुरकुरले की म्हणायच्या, "खाऊन घ्या. रडाले बरं पडते." एका पावसाळ्यात भामरागडच्या बाजारात चौकशीला गेल्या आणि पुरानं रस्ता तुटून तिकडेच अडकल्या. ताप घेऊन परत आल्या. त्या तापातून त्या पूर्वीसारख्या कधी उठल्याच नाहीत.

पोज्जे दरम्यान दहावी झाली, पुढे शिकली, नर्सिंगला गेली. सुट्टीत केंद्रावर यायची, बाईंना चहा करून द्यायची, पाय चेपायची, हो बाई, हो बाई. मला राग यायचा. एकदा मी तिला म्हटलंच, "एकदा तं नाई म्हन ना वं तिले. तिचा जीव अडकला तुझ्यात." ती हातातल्या परकराला टीप घालत राहिली.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मीही बरोबर होते. पोज्जे आत गेली. बाईंनी फाटकाच्या आत, वॉचमनच्या खुर्चीशेजारी स्टूल मांडलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. थोड्या वेळानं पोज्जे नव्याकोऱ्या कडक कपड्यांत परत बाहेर आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली.

"हिल्ले," ती म्हणाली.

बाई उठल्या. "काय म्हनलं?"

"नाई. तुमी नका बसू इथी. मले भेव नाई वाटत. तुमी घरी जा, बाई. दादा आला तं दाराशी कोन असन?"

बाई स्टूल हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि त्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, लहान मुलीसारख्या रडल्या. वॉचमननं पाणी आणून दिलं. परतीच्या वाटेवर मी मागे स्टूल धरून बसले होते. स्कूटी खड्ड्यांतून उडत होती आणि बाई मान मागे वळवून वळवून सांगत होत्या, "नाई म्हनली! तुमी ऐकलं ना? मले नाई म्हनली ते." मी म्हटलं, ऐकलं, पण तुमी समोर पाहा. माझेही डोळे कोरडे नव्हते.

त्या दिवसापासून बाईंचं स्टूल केंद्राच्याच दारात आलं. इतर पोरांच्या पहिल्या दिवशी मी जायला लागले, तोंड वाकडं करत का होईना, पण पूर्ण दिवस बसायला लागले. पुढे केंद्राला पैसे देणाऱ्यांनी हात आखडला आणि ते बंद पडलं. बाई घर सोडायला तयार नव्हत्या. बाईंचा मुलगा पुण्याहून न्यायला आला, भांडला, विनवण्या केल्या. बाई म्हणाल्या, "त्या पोराले हेच एक घर ठाऊक हाय. मी गेली तं तो कुठी येईन?" मुलगा परत गेला. मग गुडघे गेले, साखर वाढली. शेवटचे दिवस पोज्जेच्याच वॉर्डात गेले. ड्यूटी संपली तरी पोज्जे खोलीवर गेली नाही.

बाईंच्या तेरवीला केंद्राची पोरं आली. कुणाचं गॅरेज, कुणाचं शिलाईचं दुकान, एकीच्या कडेवर मूल. जेवणं झाली, माणसं पांगली. घरमालकाला चावी परत द्यायची म्हणून मुलगा कुलूप शोधत होता. पोज्जे त्याच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. "चावी माझ्यापाशी द्या, भाऊ. घरमालकासंग बोलली मी. आता मी राहीन इथी. बसनं जानंयेनं करीन." त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली.

अंगण झाडून झालं होतं. दारातलं स्टूल उन्हानं पार फिकं पडलं होतं, एका पायाला तडा गेला होता. मी ते उचलून आत न्यायला निघाले.

"राहू द्या, मास्तरीन बाई."

"काऊन? आता कोन बसते याच्यावर?"

"दादा दुरून चालत येईन," पोज्जे म्हणाली. "त्याले बसाले लागन."

मी स्टूल होतं तिथे परत ठेवलं.