मास्तरांच्या हातातली बुरशी

माझी थोरली बहीण बुरशा ओळखते. लोकांच्या बहिणी शाळेत शिकवतात, बँकेत बसतात; आमची ताई इस्पितळाच्या तळमजल्यावर, प्रयोगशाळेच्या टोकाच्या खोलीत दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. माझ्या घरी आली की आधी भिंतीची ओल हुंगणार, मग "कशी आहेस" विचारणार. पावावर हिरवा ठिपका पडला तर तो टाकायची सोय नाही. "थांब गं, कोण आहे ते बघू तर दे," म्हणेल, जसे काही पाहुणेच आलेत. मी कितीदा डोक्याला हात लावला असेल!

तिचा एक हट्ट. बीजाणू पाहिल्याशिवाय कुठल्याही बुरशीला नाव द्यायचं नाही. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. कुणाचं गोल, कुणाचं होडीसारखं, कुणाच्या अंगावर काटे, कुणाचं माळेत ओवलेलं. नुसत्या धाग्यांवरून नाव सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. मोठे डॉक्टर येऊन "अंदाजे सांगा हो" म्हणाले तरी ही ढिम्म. "अंदाज हवा तर ज्योतिषाकडे जा," असं एकाला तोंडावर म्हणाली होती. तेव्हा मला तिचा केवढा अभिमान वाटला होता!

मग मास्तर पडले. मास्तर म्हणजे माझा नवरा. आमचं शिवणकामाचं दुकान. ते कापड बेतायचे, मी शिवायची. म्हणून साऱ्या गल्लीचे ते मास्तर, आणि माझेही. गाडी घसरली, रस्त्याकडेच्या चिखलात उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला. "खरचटलंय नुसतं, कांगावा करू नकोस," मलाच दटावलं. जखम धुतली, टाके पडले. पण टाक्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या, आणि सकाळी दिसलेला काळेपणा संध्याकाळी आणखी वर सरकलेला असायचा. 

सर्जनने आडपडदा ठेवला नाही. जखमेत मातीतली बुरशी शिरली आहे. साधी असेल तर खराब मांस काढून आणि औषध देऊन हात वाचेल. पण त्याच घराण्यात एखादी अशी असते की ती थांबतच नाही. तसली असेल तर हात खांद्याजवळून काढावा लागेल, आणि उशीर झाला तर हातावरही भागणार नाही. "तुमच्या ताईंनी नाव सांगितलं की ठरवू," म्हणाले. तोवर औषध चालू होतं.

आणि ती मेली बुरशी बी धरेना! ताईच्या काचेच्या बशीत कापसासारखी पांढरीशुभ्र फोफावली, झाकणाला जाऊन टेकली, पण नुसते धागे. "भरपूर खायला मिळतंय ना तिला," ताई म्हणाली. "पोट भरलेलं असताना ती बी कशाला धरेल? उपाशी ठेवायला हवं." तिने नखाएवढा तुकडा कापला आणि जवळजवळ निव्वळ पाण्यात तरंगत ठेवला. उपासमार झाली की बुरशी घाबरते आणि बी धरते म्हणे. मी मनात म्हटलं, घाबरलेय तर मी, तिचं काय घेऊन बसलीस!

जीव मुठीत धरून मी जिने वरखाली करत होते. वर मास्तर तापाने फणफणलेले, खाली ही पाण्याकडे बघत बसलेली. शेवटी माझं डोकं फिरलं. "चुलीत घाल तुझा हट्ट!" मी ओरडले. "काहीतरी एक नाव सांग आणि मोकळी हो!"

ताई एक पातळ काच काचपट्टीवर ठेवत होती. काच तिच्या बोटांतून निसटली, पुन्हा उचलली, पुन्हा निसटली.  "उगाच नाव घेतलं तर मास्तरांचा वाचणारा हात जाईल," ती म्हणाली. "नाहीतर मास्तर जातील. मी कसं सांगू, बाई?" तेव्हा मला खरी भीती वाटली. हिलाही काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. एकदम आतून आवाज आला, "आली! अगं बाई, आली!" लहानपणी निकालाच्या दिवशी ओरडायची, अगदी तशी ओरडली. मी दार ढकलून आत धावले. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघ, बघ तरी," म्हणत तिने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मी डोळा लावला. निळ्या रंगात एक इवलीशी सुरई उभी होती. तळाशी फुगीर, वर लांब नाजूक मान, पोटात बारीक बारीक बीजाणू.

"आयुष्यभर हिला पुस्तकातच बघत आले गं," ताई म्हणाली. "किती सुरेख आहे ना!"

"म्हणजे साधीच आहे?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हात वाचला ना, ताई?" मी तिच्या गळ्यातच पडले.

माझ्या मिठीत तिचं अंग ताठ झालं. मागे सरून बघते तर तिच्या तोंडचा रंग पार उडालेला. "नाही," ती म्हणाली. "ही ती न थांबणारी." तिने सर्जनला फोन लावला, नाव स्पष्ट सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "मी विसरले गं. कुणाच्या हातातली आहे, तेच विसरले."

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच सांगते, हात उगारलाही असता, पण मला वर जायचं होतं.

मास्तरांना सर्जनने सगळं सांगितलं होतं. ते पांढरेफटक पडले होते, डाव्या हाताने उजवा घट्ट धरून. थोड्या वेळाने ताई आली आणि दाराशीच थबकली. तिला पाहून मास्तर म्हणाले, "ताई, तुम्ही पाहिलीत म्हणे. दिसायला कशी आहे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"सुंदर आहे हो, मास्तर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि हाताकडे बघत राहिले. वॉर्डबॉयने चाकांची खाट आणून पलंगाला लावली, तरी त्यांनी तो हात सोडला नाही.