पाड्यावरच्या विहिरीचं वाक्य

२०१६ साली इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात मी रानशेतजवळच्या एका पाड्यावर लेख लिहिला. तिथली विहीर माझ्या आजोबांनी खणली, हे वाक्य एका अनोळखी संपादकाने तीनदा काढून टाकलं. "घरच्या स्मरणिकेचा संदर्भ चालत नाही," एवढंच कारण. मी दरवेळी ते वाक्य परत घातलं आणि शेवटी चिडून लेखाच्या चर्चापानावर लिहिलं, "इथे येऊन विचारा."

तो खरंच तलासरीहून एसटीने आला. साठीचा, काखेत वही. कोणी काही सांगितलं की लिहून घ्यायचा आणि त्यालाच परत वाचून दाखवायचा.

पाड्यावरच्या एका म्हातारीने मला ओळखलं. "बाय, तुझा आजा छत्री धरून काठावर उभा होता. खणली आमी."

त्याने तेही तिला वाचून दाखवलं. मला मात्र एका शब्दाने सुनावलं नाही.

"मग आता यांचं लिहा," परतताना मी म्हणाले.

"नाही ताई. यांचं तर कुठेच छापलेलं नाही." बोलताना तो चष्मा पुसत राहिला.

त्याच दिवशी मी वाक्य बदललं: 'पाड्यावर एक विहीर आहे.' आजोबांचं नाव काढल्याचं मला काही वाटत नाही. तिचं घालता आलं नाही, ते अजून खुपतं.